स्क्रू ड्रायव्हर दुरून फिरायला लागला, त्याची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय तांत्रिक वाटेल, पण तुमच्या नळाच्या पाण्याशी आणि आपल्या एमआयडीसीशी त्याचा थेट संबंध आहे.

हल्ली कुठल्याही योजनेच्या उद्घाटनात एक वाक्य हमखास असतं. 'संपूर्ण यंत्रणा ऑनलाइन, कुठूनही नियंत्रण शक्य!' टाळ्या पडतात, फोटो निघतात. मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला माणूस. वीसेक वर्षं केमिकल प्लँटमध्ये ट्रान्समीटर आणि व्हॉल्व्ह यांच्या संगतीत गेली. त्यामुळे 'कुठूनही' हा शब्द ऐकला की मला पुढचा प्रश्न सुचतो. कुठूनही म्हणजे कोणालाही का?

या प्रश्नाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. प्लँटमध्ये टाकीवर, पाइपवर, रिअ‍ॅक्टरवर जी मोजणारी आणि हलवणारी उपकरणं बसवलेली असतात (प्रेशर ट्रान्समीटर, लेव्हल, फ्लोमीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह), त्यांना आम्ही फील्डमधली उपकरणं म्हणतो. त्यांच्याशी दोन प्रकारचा व्यवहार होतो. एक, आकडा वाचणं. दुसरा, सेटिंग बदलणं. वाचण्याने सहसा काही बिघडत नाही. खरा धोका दुसऱ्यात आहे.

साधं उदाहरण घ्या. ५ मीटर उंचीची टाकी आहे. ट्रान्समीटरची रेंज शून्य ते ५ मीटर लावलेली आहे. कोणीतरी ती फक्त त्या ट्रान्समीटरमध्ये शून्य ते १० केली आणि कंट्रोल रूममध्ये जुनीच राहिली. आता टाकी काठोकाठ भरली तरी स्क्रीनवर अडीच मीटर दिसणार. ऑपरेटर म्हणणार, अजून अर्धी रिकामी आहे, चालू दे पंप. यात काहीच मोडलेलं नाही, एक वायरही तुटलेली नाही. टाकीत पाणी असेल तर रस्त्यावर वाहील. अ‍ॅसिड असेल तर काय, ते लोटे, तारापूर, कुरकुंभवाल्यांना सांगायला नको.

आता इतिहास.

आमच्या आधीच्या पिढीचे सीनियर हवेवर काम करायचे. ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा तांब्याच्या बारीक नळीतून कंट्रोल रूमपर्यंत यायची. हवेचा दाब हाच सिग्नल. झीरो आणि स्पॅन बदलायचा तर उपकरणाजवळ उभं राहून स्क्रू फिरवायला लागायचा. पुढे हवेची जागा विजेने घेतली आणि ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट आला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयएसए या संस्थेने त्याचं मानक केलं, आणि तो आजही जगभर चालतो. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून का? कारण टाकी रिकामी असेल तर ४ येणार, आणि वायर तुटली तर शून्य. 'काही नाही' आणि 'काही कळत नाही' यातला फरक त्या वायरला कळत होता. काही मोठ्या सिस्टिम्सना अजून कळत नाही, तो भाग वेगळा!

पण ही वायर एकाच दिशेने बोलायची. उपकरण सांगणार, कंट्रोल रूम ऐकणार. सेटिंग बदलायचं तर परमिट घ्या, शिफ्ट इन्चार्जची सही घ्या, हेल्मेट घाला आणि शिडी चढा. म्हणजे सेटिंग बदलणारा माणूस चार जणांना दिसायचाच. त्या काळी सुरक्षेसाठी वेगळं कुलूप नव्हतं. अंतर हेच कुलूप होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

१९८० च्या दशकात उपकरणांत मायक्रोप्रोसेसर आला. १९८३ मध्ये हनीवेलने एसटी ३००० हा 'स्मार्ट' ट्रान्समीटर आणला. मग रोझमाउंट कंपनीने हार्ट नावाची पद्धत काढली, आणि ती खरोखर अक्कलहुशारीची होती. त्याच दोन वायरींवर, त्याच ४ ते २० च्या करंटवर, एक बारीक तरंग चढवायचा. १२०० हर्ट्झ म्हणजे एक, २२०० हर्ट्झ म्हणजे शून्य. तरंगाची सरासरी शून्य येत असल्याने मूळ मापाला धक्का लागत नाही. वेग सेकंदाला फक्त १२०० बिट, पण नवी केबल ओढायची गरज नाही. जुन्या वायरीने आता दोन्ही दिशांनी बोलायला सुरुवात केली.

आमच्या लोकांसाठी हे वरदान होतं. हातातला कम्युनिकेटर कंट्रोल रूमजवळच्या टर्मिनलवर लावायचा आणि कॉलमच्या टोकावरच्या ट्रान्समीटरची रेंज खाली उभं राहून बदलायची. कोकणातल्या जुलैत, धो धो पावसात, चाळीस मीटरवर ओल्या शिडीने जो चढलाय त्याला याची किंमत कळेल. दुरून काम करण्याने माणसांचे जीव वाचलेत, हे मी आधीच कबूल करतो.

रोझमाउंटने ही पद्धत सगळ्यांना खुली केली आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र फाउंडेशन झालं. पण त्या मूळच्या वायरवरच्या संभाषणात एक प्रश्न कधी विचारलाच जात नव्हता, तो म्हणजे 'तू कोण?' कम्युनिकेटर लावला की उपकरण ऐकणार. फार तर आत एक लहानसा राइट-प्रोटेक्ट जंपर असायचा, तो लावला की सेटिंग बदलता येत नाही. हा काही त्या इंजिनिअर लोकांचा गलथानपणा नव्हता. वायर कंपनीच्या गेटबाहेर जातच नव्हती. गेटवर वॉचमन होता, तेवढं पुरेसं होतं. मॉडिकॉनचा १९७९ चा मॉडबसही तसाच, ओळख न विचारता हुकूम ऐकणारा.

मग फील्डबसचं युद्ध झालं. जर्मनीचा प्रोफीबस, अमेरिकेचा फाउंडेशन फील्डबस, इतरांचे आणखी काही. सगळ्यांसाठी एकच आंतरराष्ट्रीय मानक करायचं म्हणून वर्षानुवर्षं बैठका चालल्या. शेवटी १९९९ च्या अखेरीस आयईसी ६११५८ मंजूर झालं आणि त्यात आठ वेगवेगळे प्रकार होते. एक करायला बसले आणि आठ घेऊन उठले! सरकारी समित्या आपल्याकडेच असतात असं नाही.

या सगळ्यात खरा बदल शांतपणे होत होता. प्लँटमधली हजारो उपकरणं आता एका कॉम्प्युटरवर दिसायला लागली. एका क्लिकवर रेंज, युनिट, अलार्म बदलायला लागले. मग हेड ऑफिसला आकडे हवे झाले, म्हणून प्लँटचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं. मग मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, दर वेळी विमानाने कशाला येऊ, लाइन द्या. दिली. २०२० मध्ये कोरोनाने तर घरूनच काम करायला लावलं. प्रत्येक पायरीला कारण चांगलं होतं, पैसे आणि वेळ वाचत होते. पण प्रत्येक पायरीला अंतराचं कुलूप थोडं थोडं निघत होतं, आणि त्या जागी दुसरं कुलूप लावायचं काम कोणाचं, हे कोणी ठरवलं नाही.

किंमत कुठे मोजली गेली?

पहिलं मोठं प्रकरण ऑस्ट्रेलियातलं, सन २०००, क्वीन्सलँडमधल्या मरूची शायर इथलं. तिथल्या सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनांना रेडिओवरून नियंत्रण बसवलं होतं. काही आठवडे विचित्र बिघाड व्हायला लागले. पंप नको तेव्हा बंद, अलार्म गायब. इंजिनिअर लोकांना वाटलं, नवी सिस्टिम आहे, बाळपणाची दुखणी असतील. पण मागे व्हिटेक बोडेन नावाचा माणूस होता. यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे तो पूर्वी कामाला होता. ती नोकरी सोडल्यावर त्याने कौन्सिलकडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. मग लॅपटॉप आणि रेडिओ गाडीत टाकून तो हुकूम सोडत फिरत होता. सुमारे आठ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत, एका हॉटेलच्या आवारात गेला. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली.

यात परदेशी हेर नाही, अफाट बुद्धीचा हॅकर नाही. कंत्राट संपलं, माणूस गेला, पण यंत्रणा अजून त्याचं ऐकत होती. हे वाक्य परत एकदा वाचा.

२०१० मध्ये स्टक्सनेट उघडकीला आला. इराणमधल्या नतांझ इथे सेंट्रिफ्यूज फिरवणाऱ्या ड्राइव्हचा वेग तो बदलत होता आणि ऑपरेटरला सगळं ठीक असल्याचं दाखवत होता. वर सांगितलेल्या टाकीचाच तो राक्षसी अवतार. त्यावर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून पुढे जातो.

२३ डिसेंबर २०१५, युक्रेन. वीज वितरण कंपनीतल्या ऑपरेटरसमोर स्क्रीनवरचा माउस आपोआप फिरायला लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात. हल्लेखोर घरच्याच दूरस्थ जोडणीतून, चोरलेल्या पासवर्डने आत शिरले होते. वर सबस्टेशनमधल्या कन्व्हर्टरचं फर्मवेअरच त्यांनी बिघडवलं, म्हणजे दुरून ब्रेकर परत लावताच येऊ नये. मग वीज काही तासांत परत कशी आली? लोक गाड्या घेऊन सबस्टेशनवर गेले आणि हाताने ब्रेकर लावले. हाताने चालवता येत होतं आणि चालवणारी माणसं होती, म्हणून निभावलं.

२०१७, सौदी अरेबियातला एक पेट्रोकेमिकल प्लँट. तिथे हल्ला थेट सेफ्टी सिस्टिमवर झाला, म्हणजे सगळं चुकलं तर प्लँट सुरक्षित बंद करणारा जो शेवटचा रखवालदार असतो, त्याच्यावर. हल्लेखोरांचा डाव फसला आणि प्लँट ट्रिप झाला, म्हणून ते कळलं. त्या कंट्रोलरवर एक खरीखुरी, धातूची किल्ली असते. 'रन'वर असेल तर प्रोग्रॅम बदलता येत नाही. तपासात आढळलं की किल्ली 'प्रोग्रॅम'वर राहिलेली होती. कुलूप होतं, पण उघडं.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं अ‍ॅलिक्विपा. गावच्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर स्टेशनचा कंट्रोलर हॅक झाला. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवायला घेतले, पाणी चालू राहिलं. त्यानंतर अमेरिकी सरकारी यंत्रणेने इशारा काढला की या बनावटीच्या कंट्रोलरचा कंपनीतून येणारा पासवर्ड आधी बदला. तो पासवर्ड होता ११११.

आपल्याकडे काय? १२ ऑक्टोबर २०२० आठवतो? मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर सेलच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती. कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण देशाच्या आर्थिक राजधानीत काय घडलं यावर दोन सरकारं एकमत होत नाहीत, ही गोष्ट मला हल्ल्यापेक्षा जास्त खटकते. त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेचे नियम काढले. २०२२ मध्ये सर्ट-इनने अशा घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. चांगलंच झालं. पण नियम दिल्लीत असतो आणि पॅनल गावाबाहेरच्या पंपहाउसमध्ये.

असं एक पॅनल मी स्वतः पाहिलंय. कुठल्या गावचं ते सांगत नाही, उगाच तिथल्या ऑपरेटरवर शेकायचं. ओळखीने बघायला बोलावलं होतं. पॅनलमध्ये सिमकार्डवाला राउटर, दिवा लुकलुकतोय. देखभालीचं कंत्राट संपून वर्ष झालेलं, पण सिम जुन्या कंत्राटदाराच्याच नावावर आणि चालू. पासवर्ड दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला. ऑपरेटरला विचारलं, हे बंद पडलं तर हाताने चालवता येतं का? तो म्हणाला, 'साहेब, ते जुन्या काकांना यायचं. ते रिटायर झाले.' मरूची आणि युक्रेन, दोन्ही त्या एका खोलीत होते.

कोणी म्हणेल, मग हे ऑनलाइन नकोच. नाही, माझं तसं म्हणणं अजिबात नाही. क्लोरीनच्या खोलीत माणूस कमी वेळा जावा, रात्री दोनला टाकी भरल्याचं घरबसल्या कळावं, हे हवंच. वाचण्याचा रस्ता खुशाल मोठा करा. बदलण्याच्या रस्त्यावर मात्र दार हवं, आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे कागदावर हवं.

म्हणून पुढच्या वेळी 'स्मार्ट' योजनेचा नारळ फुटेल तेव्हा नगरसेवकाला, मुख्याधिकाऱ्यांना, नाहीतर माहिती अधिकारात एवढं विचारा:

१) दुरून फक्त आकडे दिसतात की सेटिंगही बदलता येतं?
२) बदलण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते का?
३) कंत्राट संपलं की त्या कंत्राटदाराचे पासवर्ड आणि सिम कोण बंद करतं? शेवटचं बिल त्याआधी निघतं की नंतर?
४) कंपनीतून आलेला पासवर्ड बदलला आहे का?
५) सगळं बंद पडलं तर हाताने चालवणारी किती माणसं आज नोकरीत आहेत, आणि त्यांनी शेवटचं कधी चालवून बघितलं?

यातला एकही प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. पाचव्याचं उत्तर आधी मागा. त्यातच बाकीचं कळतं.

आपल्या भागात पाणीयोजनेवर किंवा प्लँटमध्ये काम करणाऱ्यांनी अनुभव कमेंटमध्ये जरूर लिहा, फक्त जागेचं नाव आणि पासवर्ड सोडून!