अर्जावरचे नाव

सन १९३३. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला आणि संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो फेटाळला. कारण एकच: अर्जदार मुलगी होती. इंदूरला जन्मलेल्या या कमलाबाई (पुढे सोहोनी) म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. नकार घेऊन मुकाट्याने परतणे त्या घराण्याच्या रक्तातच नव्हते. त्या अडून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला. तोही वर्षभराच्या अजमावणीच्या अटीवर. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. १९३९ मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

ही हकिकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. रामन यांचा नकार तोंडावर होता, म्हणून त्याच्याशी भांडता आले. नकार गुणांच्या आकड्यांत दडला असेल, तर भांडायचे कोणाशी?

असे भांडण स्वीडनमध्ये झाले. स्त्री-पुरुष समतेबद्दल जगभर वाखाणला जाणारा हा देश. तरीही तेथे त्या काळी जीववैद्यकातील पीएच.डी. मिळवणाऱ्यांत स्त्रिया ४४ टक्के होत्या, तर प्राध्यापकपदांवर अवघ्या ७ टक्के. १९९५ मध्ये तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेकडे पीएच.डी.नंतरच्या संशोधनवृत्तीसाठी ११४ अर्ज आले. ६२ पुरुषांचे, ५२ स्त्रियांचे. वृत्त्या मिळाल्या वीस: १६ पुरुषांना, ४ स्त्रियांना. यॉटेबोर्ग विद्यापीठातील क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोघींनी परीक्षकांनी दिलेले गुण पाहायला मागितले. परिषदेने नकार दिला. पण स्वीडनमध्ये १७६६ पासून, म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे राज्य करीत होते तेव्हापासून, सरकारी कागद नागरिकांना खुले करणारा कायदा आहे. न्यायालयाने गुणपत्रके ही सरकारी कागदपत्रेच ठरवली आणि बाडे उघडली.

प्रत्येक अर्जाला परीक्षक तीन बाबींवर गुण देत: अर्जदाराची शास्त्रीय योग्यता, संशोधनपद्धतीचा दर्जा आणि विषयाचे महत्त्व. तिन्हींत स्त्रियांची सरासरी कमी, आणि सर्वांत जास्त तूट योग्यतेच्या रकान्यात. योग्यता तर छापलेल्या कामावरून मोजून पाहता येते. दोघींनी प्रत्येक अर्जदाराचे शोधनिबंध किती आणि कोणत्या तोलाच्या नियतकालिकांत आले, याचा हिशेब मांडला. पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला अडीच पट काम दाखवावे लागत होते. सर्वाधिक काम असलेल्या स्त्रियांना जेमतेम तेवढी योग्यता मिळाली, जेवढी सर्वांत कमी काम असलेल्या पुरुषांना मिळाली होती! त्याच हिशेबात वशिलाही सापडला. समितीतील कुणाशी पूर्वीचा संबंध असेल तर अर्जदाराचे गुण वाढत, मग तो संबंधित सभासद स्वतः गुण देत नसला तरी. हा निबंध मे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

यावर कोणी म्हणेल की परीक्षक दुष्ट होते. मला तसे वाटत नाही. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर मी एवढे सांगू शकतो की वर्गातल्या हुशार मुलाचे नाव दिसले की अर्धवट उत्तरही पुरे वाटू लागते. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालतात तो उगाच नव्हे.

कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थांच्या अनुदान-अर्जांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मुख्यतः प्रस्तावित संशोधन तपासायचे होते, तेथे पुरुष आणि स्त्रिया यांच्या यशात ०.९ टक्क्यांचा फरक होता. जेथे संशोधक व्यक्तीलाच तोलायचे होते, तेथे तो ४ टक्के झाला. देश तोच, संस्था तीच. परीक्षकांना विचारलेला प्रश्न तेवढा निराळा.

हबल दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या अर्जांवरची नावे २०१८ मध्ये झाकण्यात आली. तोवर वर्षानुवर्षे पुरुषांचे यश थोडे तरी अधिक असे. त्या फेरीत स्त्रियांच्या अर्जांना ८.७ टक्के आणि पुरुषांच्या अर्जांना ८ टक्के यश आले. नावे झाकली तरी ‘हे काम अमक्याच्याच गटाचे दिसते’ असा तर्क समितीत सुरू व्हायचाच. म्हणून चर्चेच्या खोलीत एक निराळा माणूस बसवतात. तो गुण देत नाही. बोलणे प्रस्तावावरून अर्जदाराकडे वळले की ते थांबवायचे, एवढेच त्याचे काम.