बार्बारा हॅमर : दप्तर नसलेल्यांच्या इतिहासकार

इतिहास लिहिणाराला आधार लागतो तो कागदांचा. राजांचीं दप्तरें असतात, व्यापाऱ्यांच्या वह्या असतात, देवस्थानांच्या सनदा असतात. परंतु जगांत असेहि कांहीं लोक होऊन गेले आहेत, कीं ज्यांनीं आपल्या आयुष्यांतील सर्वांत जिव्हाळ्याचा कागद आपल्याच हातानें आगींत टाकला. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया, ज्यांना लेस्बियन म्हणतात, त्या अशा लोकांपैकीं होत. पत्र सांपडलें तर नोकरी जाईल, घर तुटेल, या भीतीनें कित्येकींनीं आपलीं पत्रें नाहींशीं केलीं; त्यांतून वांचलेलीं पुष्कळदां नातेवाइकांनीं नाहींशीं केलीं. मग अशांचा इतिहास लिहावयाचा कशाच्या आधारानें? या प्रश्नाचें उत्तर एका अमेरिकन बाईंनीं हातांत कॅमेरा घेऊन जवळजवळ अर्धशतक शोधलें. त्यांचें नांव बार्बारा हॅमर.

हॅमरबाईंचा जन्म १५ मे १९३९ रोजीं झाला, आणि तोहि हॉलिवुडमध्यें. त्यांची आजी मूकपटांतील प्रख्यात नटी लिलियन गिश यांच्या घरीं स्वयंपाक करीत असे, आणि मुलीनें शर्ले टेंपलसारखी बालनटी व्हावें अशी आईची फार इच्छा होती. परंतु त्या चित्रनगरींत १९३० सालीं लिहिलेली व १९३४ पासून कडकपणें अमलांत आलेली नीतिसंहिता लागू होती, आणि तिच्या नियमांप्रमाणें समलिंगी प्रेमाची सूचनासुद्धां पडद्यावर येतां कामा नये असें होतें. याचें ठळक उदाहरण म्हणजे डोरोथी आर्झनर. १९२७ ते १९४३ या काळांत त्यांनीं हॉलिवुडच्या मोठ्या कंपन्यांसाठीं चित्रपट दिग्दर्शित केले. त्या काळीं तेथें हें काम करणारी दुसरी स्त्री क्वचितच असेल. नृत्यशिक्षिका मॅरियन मॉर्गन यांच्यासह त्यांनीं सुमारे चाळीस वर्षें एकत्र घर केलें. पण त्या घराची गोष्ट त्यांना पडद्यावर सांगतां आली नाहीं. कंपनीच्या पैशानें चित्रपट काढणाराला कंपनीच्या अटी पाळाव्या लागत. हॅमरबाई आयुष्यभर स्वतंत्रपणें काम करीत राहिल्या, त्याचें मर्म येथें आहे.

त्या प्रथम या धंद्यांत पडल्या नव्हत्या. १९६१ सालीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून त्यांनीं मानसशास्त्राची पदवी घेतली, पुढें सॅन फ्रॅन्सिस्को येथें इंग्रजी साहित्यांत एम्. ए. केलें, आणि त्या विवाहितहि होत्या. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चित्रपटवर्गांत माया डेरन यांचा १९४३ मधील ‘मेशेस ऑफ दि आफ्टरनून’ हा लघुपट त्यांनीं पाहिला आणि या कलेंत स्त्रीला स्वतःची अशी दृष्टि असूं शकते, हें त्यांच्या मनानें घेतलें. पस्तिशीच्या सुमारास विवाहबंधन सुटलें, आपण स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहों हें त्यांनीं उघडपणें स्वीकारलें, आणि मोटारसायकलीवर बसून, लहानसा सुपर-८ कॅमेरा बरोबर घेऊन, त्या बाहेर पडल्या.

१९७४ सालीं त्यांचा ‘डाइकटॅक्टिक्स’ हा अवघ्या चार मिनिटांचा लघुपट तयार झाला. नांवांतील पहिला भाग म्हणजे अशा स्त्रियांना हिणविण्याकरितां वापरला जाणारा शब्द. तोच त्यांनीं पाटीवर लिहिला. स्त्री-स्त्रीमधील प्रेम अशाच एका स्त्रीनें उघडपणें चित्रित केल्याचें अगदीं आरंभींचें उदाहरण म्हणून तो गणला जातो. दृश्यें त्यांनीं कथेच्या क्रमानें न जोडतां स्पर्शाच्या अनुरोधानें जोडलीं. काळहि ध्यानांत घेतला पाहिजे. समलिंगी प्रेम हा मनोविकार नव्हे, असा निर्णय अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९७३ च्या डिसेंबरांत, म्हणजे नुकताच, दिला होता. आणि कॅलिफोर्नियांतील त्याविरुद्धचा कायदा रद्द करणारा ठराव १९७५ सालीं व्हावयाचा होता. ज्यांचें दप्तर पूर्वीं कोणी ठेवलें नाहीं, त्यांचें दप्तर आतां आपणच लिहावयास घ्यावें, ही हॅमरबाईंच्या कार्याची पहिली पायरी होय.

त्यांना विरोध केवळ सनातन्यांकडूनच झाला असें नाहीं. रानावनांत वावरणाऱ्या विवस्त्र स्त्रिया दाखविल्यानें स्त्री म्हणजे निसर्ग हें जुनेंच समीकरण पक्कें होतें, असा आक्षेप स्त्रीवादी विचारवंतांनींहि घेतला. १९८३ सालीं हॅमरबाई न्यूयॉर्कला गेल्या आणि त्यांची रीति पालटली. ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रानें जुन्या फितीचें एकेक चित्र पुन्हां छायाचित्रित करतां येतें. त्याच्या साहाय्यानें त्यांनीं वृद्धाश्रमांतील आपल्या आजीवर ‘ऑप्टिक नर्व्ह’ हा लघुपट १९८५ मध्यें केला, आणि डॉक्टर जेम्स सिब्ली वॉटसन यांनीं क्ष-किरणांनीं घेतलेल्या मानवी देहाच्या चलच्चित्रांतून १९९० मध्यें ‘सँक्टस’ निर्माण केला. जुन्या फिती हुडकण्याचा हा नाद त्यांना इतिहासाकडे घेऊन गेला.

१९९२ सालचा ‘नाइट्रेट किसेस’ हा त्यांचा पहिला दीर्घ अनुबोधपट. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटांची फीत नाइट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि ठेवल्या जागीं कुजते. पुसल्या गेलेल्या प्रेमाला याहून समर्पक नांव शोधूनहि मिळालें नसतें. याच वॉटसन यांनीं मेलव्हिल वेबर यांच्यासह १९३३ मध्यें काढलेल्या ‘लॉट इन् सॉडम’ या पटांतील दृश्यें हॅमरबाईंनीं त्यांत योजिलीं. समलिंगी जोडप्याच्या दृश्यांवरून हॉलिवुडच्या जुन्या नीतिसंहितेचा मजकूर सरकत जातो. दोन वृद्ध स्त्रियांचें प्रेम येतें. नाझी छळछावण्यांच्या काळांतील स्त्रियांच्या आठवणी येतात.

याच पटांत विला कॅथर या कादंबरीकर्तीचा प्रश्न उभा राहतो. कॅथरबाईंनीं एडिथ ल्यूइस यांच्यासह सुमारे चार दशकें एकत्र वास्तव्य केलें, आपलीं कित्येक पत्रें नष्ट केलीं, आणि उरलेलीं छापूं नयेत असें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें. आपल्या या नात्याला त्यांनीं स्वतः कोणतेंहि नांव दिलेलें नाहीं. मग तें दुसऱ्यानें द्यावें काय? हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. जो स्वतः मौन पाळून गेला, त्याच्या तोंडीं शब्द घालण्याचा अधिकार कोणालाहि नसतो. पण ‘दोघी जिवलग मैत्रिणी होत्या’ एवढेंच लिहून पान उलटणारा चरित्रकारहि एक निवाडा देतच असतो, आणि तो निवाडा म्हणून ओळखला जात नाहीं एवढेंच. हॅमरबाईंनीं रिकाम्या जागेंत कल्पनेची भर न घालतां ती जागा रिकामी कशी झाली तें दाखविलें. पुढें २०१३ सालीं कॅथरबाईंचीं निवडक पत्रें प्रसिद्ध झालीं. सारेंच जळून गेलें आहे हा समज त्यामुळें खोटा ठरला.

यानंतर त्या अशाच लपलेल्या चरित्रांमागें लागल्या. १९९८ च्या ‘दि फीमेल क्लॉझेट’मध्यें छायाचित्रकार ॲलिस ऑस्टेन यांचें, २००६ च्या पटांत नाझींच्या ताब्यांतील जर्सी बेटावर गुप्त प्रतिकार करणाऱ्या क्लोद काहून व मार्सेल मूर यांचें, आणि २०१५ मध्यें कवयित्री एलिझाबेथ बिशप यांचें चरित्र त्यांनीं पडद्यावर आणलें. लहानमोठ्या ८० हून अधिक कृति त्यांच्या नांवावर आहेत. मान्यता मात्र उशिरां आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें त्यांच्या कार्याचें समग्र दर्शन घडविलें तें २०१० सालीं, म्हणजे त्यांच्या वयाच्या सत्तरीनंतर.

२००६ सालीं त्यांना अंडाशयाचा कर्करोग झाला. त्या व्याधीवर त्यांनीं काढलेल्या पटाला २००९ मध्यें बर्लिनच्या महोत्सवांत टेडी पारितोषिक मिळालें. २०१७ सालीं त्यांनीं आपल्यासारख्याच स्त्री-चित्रपटकारांसाठीं एक वार्षिक अनुदान सुरू केलें. ऑक्टोबर २०१८ मध्यें व्हिटनी संग्रहालयांत त्यांनीं मरणाच्या कलेवर व्याख्यान दिलें, आणि १६ मार्च २०१९ रोजीं त्यांचें निधन झालें.

जातांना त्यांच्याजवळ अपुरें राहिलेलें बरेंच चित्रण होतें. त्यांत १९७५ सालीं मोटारसायकलीवरून केलेल्या ग्वाटेमालाच्या प्रवासाच्या फिती होत्या, आणि १९९८ मध्यें केप कॉडच्या वाळूच्या टेकड्यांतील एका झोंपडींत एकटीनें राहून घेतलेल्या फितीहि होत्या. ज्या समाजांत मरणापूर्वीं कागद जाळण्याची रीत पडली होती, त्या समाजांतील या बाईंनीं आपल्या फिती जिवंतपणींच इतर चित्रपटकारांच्या स्वाधीन केल्या आणि ‘तुम्ही पुऱ्या करा’ म्हणून सांगितलें. ग्वाटेमालाच्या चित्रणांतून डेबोरा स्ट्रॅटमन यांनीं व केप कॉडच्या चित्रणांतून लिन सॅक्स यांनीं २०१९ मध्यें स्वतंत्र लघुपट तयार केले. सॅक्सबाईंच्या लघुपटाला २०२० सालीं जर्मनींतील ओबरहाउझेनच्या महोत्सवांत मोठें पारितोषिक मिळालें. हॅमरबाईंनीं आरंभिलेलें दप्तर त्यांच्यामागून दुसऱ्या हातांनीं पुढें लिहिलें जात आहे.