जातिवंत श्वान आणि देण्याची अट

आपल्या लोकांत दानाची एक जुनी रीत आहे. वस्तू द्यावयाची ठरली म्हणजे तिच्यावर उदक सोडावयाचे. उदक सोडले की देणाराचा हक्क संपला. असे असता एखादा गृहस्थ आपले जातिवंत कुत्रे दुसऱ्याच्या घरी देतो आणि वर अट घालतो की, यास घरच्या माणसासारखे वागवा, परंतु याची पिले घेऊ नका. ऐकणारास ही अट चमत्कारिक वाटते. कुत्रे दिले ते दिले; मग त्याच्या वंशावर देणाराने हात का ठेवावा? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि त्यातील बराच इतिहास आपल्याच भागातला आहे.

धाराशिव जिल्ह्यात आणि १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात लांब तोंडाचे, खोल छातीचे, बारीक कमरेचे एक शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात आहे. लातूरकडील जानवळ हे गाव त्यासाठी प्रसिद्धच आहे. लोक त्यास कारवान म्हणतात. आणि ज्याच्या कानांवर व शेपटीवर लांब मऊ केस असतात, त्यास पश्मी म्हणतात. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, आणि पश्म म्हणजे फारसीत लोकर. इराण व मध्य आशियाकडून दख्खनेत येणाऱ्या तांड्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज आले, अशी समजूत आहे; तिकडील सलूकी जातीशी यांची ठेवण पुष्कळ जुळते. मात्र दख्खनेस श्वानविद्या त्या तांड्यांनीच शिकविली असे नव्हे. येथून जवळच असलेल्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे.

हेच कुत्रे दक्षिणेस मुधोळ संस्थानात राजाश्रयास चढले. तेथील घोरपडे घराण्यातील राजे मालोजीराव यांनी ही जात निवडून वाढविली आणि पंचम जॉर्ज बादशहास तिची एक जोडी नजर केली. तेव्हापासून मुधोळ हे नाव जगभर झाले. आजही एक नोंदणीसंस्था या जातीस कारवान म्हणते, तर दुसरी मुधोळ म्हणते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पूर्वी या जातीचे वाण शुद्ध कसे राहिले? कागदपत्रे नव्हती, वंशावळीची वही नव्हती. परीक्षा घेणारे माळरान होते. सशामागे जे कुत्रे धावून दमले, वळणावर चुकले किंवा धन्याची हाक ऐकून परतले नाही, त्याच्या पिलांस मागणी नसे. जे खरे उतरले, त्याची पिले ओळखीपाळखीत जात. देणारा घेणारास ओळखी, त्याचे रान ओळखी, त्याच्या घरची भाकरी ओळखी. अट बोलून दाखविण्याचे कारणच पडत नसे.

आणि वंशावरील निर्बंध ही कल्पना आमच्या शेतकऱ्यास नवी होती असेही समजू नये. गावात एखाददुसरा देखणा देवणी खोंड वळू म्हणून राखीत. बाकीचे खोंड खच्ची करून औताला जुंपीत. उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपातही एखादा निवडक बोकड राखून बाकीचे खच्ची करीत. म्हणजे आपल्या दारातला बैल हा मुळी वंशनिर्बंध घातलेलाच प्राणी आहे. त्याच्यावरील आपले प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालेले नाही. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी त्यासच मिळते.

पाश्चात्य देशांत मात्र माळरानाचे काम कागदाकडे गेले. १८७३ साली लंडन येथे केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या जन्माची नोंदवही सुरू झाली. त्या वहीतूनच आपल्या प्रश्नातील अट पुढे आली. पिलू विकताना त्याच्या नोंदीवर पाळणारा असा शेरा घालू शकतो की, याच्या संततीची नोंद होणार नाही. घेणारास ही गोष्ट आधी कळवून त्याची लेखी मान्यता घ्यावी लागते, आणि शेरा पुढे काढावयाचा झाल्यास तो घालणाराच काढू शकतो. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असा शेरा नोंदवहीस बांधतो, कुत्रीस बांधत नाही. तिला पिले व्हावयाची ती होतातच. फक्त त्यांना कागद मिळत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न तीव्र झाला तो १९७२ नंतर. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे सशाहरणांची शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर कारवानाची परीक्षा घेणारे माळरानही बंद झाले. कुत्रे उरले, काम गेले. मग बाहेरून मान मिळू लागला. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ श्वानाचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे संशोधन केंद्र झाले. २०१६ साली सैन्याने ही कुत्री शिक्षणासाठी मेरठला नेली. २०२० साली पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणीवरील भाषणात त्यांचा गौरव केला. मान वाढला तशी किंमत वाढली, आणि किंमत वाढली तशी कुत्रीच्या पोटावर दुकान मांडणारी माणसेही निघाली. घरी पाळतो म्हणून कुत्री न्यावयाची, दर खेपेस तिला फळवावयाची आणि ती थकली म्हणजे रस्त्यावर सोडावयाची, हा या धंद्याचा काळा भाग होय. देणाराची अट येथे निव्वळ वाणाचा अभिमान राहत नाही. ती एका मुक्या जिवाची ढाल होते.

सरकारनेही हे ओळखले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ साली श्वानांचे प्रजनन व विक्री यांविषयी नियम झाले. पैदास करणाराने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये. अठरा महिन्यांच्या आत कुत्री फळवू नये. आणि सहा महिन्यांवरील कुत्रे, घेणारा स्वतः नोंदणीकृत पैदासकार नसेल तर, निर्बीजीकरण केल्यावाचून विकू नये, असे त्यांत आहे. म्हणजे जी अट एखाद्या गृहस्थाचा लहरीपणा वाटत होती, तिला नियमाचेच रूप आले.

अट घालून देणे हे देण्याच्या भावनेस कमीपणा आणते काय? आमच्या जिल्ह्यातच याचे उत्तर आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन ठिकाणी खंडोबाची एकच मूर्ती आळीपाळीने नांदते. मूर्ती एका गावाहून दुसरीकडे निघते तेव्हा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवावर दोघांचाही भाव आहे, म्हणून कागद नको असे कोणी म्हणत नाही. आणि खंडोबा तर कुत्र्याला जवळ बाळगणारा देव!

मात्र अट घालणारानेही आपले मन तपासावे. माझ्याखेरीज हे वाण कोणाकडे असू नये, या हव्यासाने जो सर्वच पिलांवर निर्बंध घालतो, तो वाणाचा रक्षक नव्हे. थोड्याच कुत्र्यांत नाती फिरत राहिली की रोग व दुर्बलता वाढतात. मूठभर घरांत कोंडलेली जात अखेर खुरटते. यास्तव निरोगी व गुणी कुत्री जाणत्यांकडे वंशासाठी जाऊ द्यावी, आणि वय झालेल्या वा दोष असलेल्या कुत्रीस प्रेमळ घर शोधावे.

असे घर शोधताना चार गोष्टी कागदावर याव्यात. निर्बीजीकरण कोणी व केव्हा करावयाचे. ते आधी झाले असल्यास फारच उत्तम, कारण मग वादच उरत नाही. दुसरी, सांभाळणे अशक्य झाल्यास कुत्रे परस्पर तिसऱ्याकडे न देता मूळ धन्याकडे परत यावे. तिसरी, त्याचा स्वभाव लपवू नये. कारवान डोळ्याने शिकार हेरणारा आहे, पळती कोंबडी वा करडू दिसले की त्यास आवरणे कठीण. चौथी, त्यास रोज धावावयास जागा मिळावी. साखळीला जन्मभर बांधलेला कारवान पाहवत नाही.

उदक सोडल्याने धनाचा हक्क संपतो हे खरे. परंतु जिवाची जबाबदारी अशी ओंजळभर पाण्याने संपत नाही. ज्याने त्या जिवास जन्माला घातले, त्याने त्याच्या पुढील घराची चौकशी करावी आणि योग्य ती अट निःसंकोच घालावी. घेणारानेही ती अट अविश्वास समजून रुसू नये. ज्याला कुत्रे हवे आहे, त्याला ती जड वाटणार नाही. जड वाटली, तर त्यास कुत्रे नको असून पिले हवी आहेत, हे देणाराने वेळीच ओळखावे.