दोन रुपयांचे वेतन

रायपूर ही आज छत्तीसगड राज्याची राजधानी असली, तरी एके काळी या शहराचे राजकारण नागपूरच्या कायदेकौन्सिलाशी बांधलेले होते. त्या काळी छत्तीसगड हा मध्यप्रांत-वऱ्हाडाचाच एक विभाग होता. रायपूरचे रविशंकर शुक्ल, बिलासपूरचे राघवेंद्रराव आणि नागपूरचे डॉ. मुंजे हे तेव्हा एकाच स्वराज्य पक्षाचे पाईक होते.

1923 च्या निवडणुकीत या प्रांतात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. असे यश त्याला अन्य कोणत्याही प्रांतात लाभले नाही. पक्षाने मंत्रिपदे नाकारली, 1924 च्या आरंभी मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त केला आणि मार्चमध्ये अंदाजपत्रकातील मागण्या फेटाळल्या. मंत्र्यांचे वेतन तेवढे मंजूर झाले. तेही वर्षाला दोन रुपये! चिटणवीस आणि हिफाजत अली या मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. द्विदल राज्यपद्धतीचे पोकळपण उघडे पडले.

परंतु सरकार थांबले नाही. राखीव खात्यांचा पैसा गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी विशेषाधिकाराने मिळवला. सोपीव खात्यांना मात्र काम कसेबसे चालू राहील एवढाच खर्च करता येई. शिक्षण आणि आरोग्य ही खाती सोपीवच होती. म्हणजे पोलिसांचा पैसा सुरक्षित राहिला आणि शाळा-दवाखान्यांच्या नव्या योजना अडल्या. घाव सत्तेवर घातला होता. त्याची झळ मात्र प्रजेलाही लागली.

येथेच खरा प्रश्न उभा राहिला. नकारानंतर काय? पैसा नाकारताना सर्वांचे मत एक होते. पुढचे पाऊल ठरविताना ते दुभंगले. ऑक्टोबर 1925 मध्ये स्वराज्य पक्षाचेच असलेले कौन्सिलाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले. मोतीलाल नेहरूंनी त्यांचा कठोर निषेध केला. केळकर, जयकर आणि मुंजे यांना मात्र टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेची वाट योग्य वाटत होती. फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्यास त्यांचा वेगळा पक्ष उभा राहिला. एप्रिलमध्ये साबरमतीस तडजोड झाली, पण ती टिकली नाही.

छत्तीसगडातही वाटा फुटल्या. राघवेंद्ररावांनी 1927 मध्ये मंत्रिपद घेतले आणि 1936 मध्ये ते काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. शुक्ल काँग्रेसमध्येच राहिले, 1930 च्या कायदेभंगात तुरुंगात गेले आणि 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले.

दोघांपैकी कोण चुकला, हे ठरविणे सोपे नाही. एवढे मात्र निश्चित, की बहुमताच्या बळावर तिजोरीला कुलूप घालता येते; पण ते केव्हा आणि कोणत्या अटीवर उघडायचे, हे आधी ठरले नसेल, तर कुलूप घालणारेच किल्लीसाठी भांडू लागतात.