ईमेल अटॅचमेंट : सॉफ्टवेअरमधून पाठवतानाचे दोष व त्यांचे निदान

हिशेब, पगारपत्रके, बिले किंवा अहवाल तयार करणारे सॉफ्टवेअर एका बटणासरशी किंवा ठरल्या वेळी आपोआप ईमेलसोबत फाइल पाठवते. तेव्हा फाइल न पोचणे, रिकामी पोचणे, न उघडणे किंवा भलत्याच नावाने पोचणे असे दोष उद्भवतात. अटॅचमेंट ही पत्राला टाचलेली वेगळी वस्तू नसते. ईमेल हा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग मजकूर असतो आणि फाइलही अक्षरांत रूपांतरित होऊन त्याच मजकुरात बसते. म्हणून पोचलेल्या ईमेलचा मूळ मजकूर वाचणे हा निदानाचा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो.

पार्श्वभूमी : जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एसएमटीपी या नियमावलीत ईमेल ७ बिटांच्या अक्षरांपुरता मर्यादित होता. ओळसमाप्तीची चिन्हे धरून एका ओळीत १,००० अक्षरांची मर्यादा होती. चित्रे किंवा प्रोग्रॅम पाठवण्यासाठी त्यांचे आधी अक्षरांत रूपांतर करावे लागे. त्यासाठी मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कली येथे तयार केलेले यूयूएन्कोड बरेच वापरात होते. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांची माइम ही पद्धत जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये सुधारित स्वरूपात आली. त्याआधी, ११ मार्च १९९२ रोजी, बोरेनस्टाइन यांनी आपल्या चौघांच्या गायनवृंदाचे छायाचित्र व ध्वनिमुद्रण या पद्धतीने पाठवले होते. आजचे सॉफ्टवेअरही अटॅचमेंट याच पद्धतीने बांधते.

रचना : माइममध्ये ईमेलचे भाग एका ठरावीक सीमाओळीने वेगळे केले जातात. प्रत्येक सीमाओळ दोन आडव्या रेघांनी सुरू होते. शेवटच्या सीमाओळीच्या अखेरीसही दोन रेघा लागतात. प्रत्येक भागाला स्वतःचे हेडर असते आणि हेडर व मजकूर यांच्यात एक कोरी ओळ सक्तीची असते. ही ओळ चुकली किंवा हेडरमध्ये जाहीर केलेली सीमा व प्रत्यक्षातली सीमा जुळली नाही, तर फाइलीच्या जागी अगम्य अक्षरांच्या शेकडो ओळी पत्रातच दिसू लागतात. पत्र व फाइल या दोन भागांना ‘मिश्र’ म्हणायचे सोडून ‘पर्यायी’ म्हटले, तर वाचकाचा ईमेल प्रोग्रॅम त्यांतला एकच भाग दाखवतो. मग मजकूर आहे तर फाइल नाही, किंवा फाइल आहे तर मजकूर नाही, अशी तक्रार येते.

फाइल जोडण्याआधीचे दोष : शून्य बाइटची अटॅचमेंट आली, तर बहुधा अहवाल डिस्कवर पुरता लिहून होण्याआधीच तो उचलला गेलेला असतो. हाताने चालवल्यावर नीट चालणारे काम रात्री आपोआप चालताना अडते, ते पुष्कळदा फाइलीच्या पत्त्यामुळे. सर्व्हिस म्हणून चालणारा प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरमधून व वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्यामुळे कर्मचाऱ्याला दिसणारा नेटवर्क ड्राइव्ह त्याला दिसत नाही. विंडोजवर फाइल ‘टेक्स्ट’ पद्धतीने वाचली, तर २६ क्रमांकाचा बाइट आला की फाइल संपली असे समजून वाचन थांबते. छायाचित्राचा वरचा पट्टा तेवढा दिसण्यामागे हेही एक कारण असते.

काही सॉफ्टवेअर स्वतः ईमेल न पाठवता संगणकावरच्या ईमेल प्रोग्रॅमची खिडकी उघडून देते. हे काम ‘मेलटू’ प्रकारच्या दुव्याने होत असेल, तर विषय व मजकूर भरलेला येतो पण फाइल येत नाही, कारण त्या दुव्याच्या मानकात अटॅचमेंटची सोयच नाही.

रूपांतर व आकार : बेस-६४ पद्धतीत ३ बाइटांची ४ अक्षरे होतात आणि दर ७६ अक्षरांनंतर ओळ तुटते, त्यामुळे फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. सर्व्हरची मर्यादा २५ मेगाबाइट असेल, तर १९ मेगाबाइटची फाइलही प्रवासात २६ मेगाबाइटची होऊन नाकारली जाते. नकाराचा संकेत बहुधा ५५२ असतो, पण त्याच्या पुढचे आकडे वाचल्याशिवाय कारण कळत नाही : ५.३.४ म्हणजे आकार जास्त, ५.७ ने सुरू होणारा संकेत म्हणजे सुरक्षेचे कारण. जीमेल चालवता येण्याजोग्या फाइली झिपमध्ये घातल्या तरी अडवते. १३ फेब्रुवारी २०१७ पासून जावास्क्रिप्टच्या फाइलीही त्या यादीत आल्या.

रूपांतरित मजकुराची पहिली काही अक्षरेही बरेच सांगतात. खऱ्या पीडीएफची सुरुवात जे, व्ही, बी, ई, आर या मोठ्या इंग्रजी अक्षरांनी होते. तिथे पी, सी, एफ, ई दिसले, तर पीडीएफच्या नावाखाली वेबपान आले आहे, असे समजावे. सर्व्हरवरून बिल आणायला गेलेल्या सॉफ्टवेअरला लॉगिनचे पान मिळाले आणि त्याने तेच जोडून पाठवले, असा हा प्रकार असतो.

नाव व लिपी : देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. ‘देयक’ या नावात द, एकाराची मात्रा, य आणि क अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. १९९७ च्या नियमानुसार हेडरमध्ये लिहिताना त्यांची ३६ अक्षरे होतात. हे रूपांतर न करता नाव तसेच घातले, तर पलीकडे प्रश्नचिन्हे किंवा ‘नोनेम’ असे नाव दिसते. एक्सेलमध्ये उघडलेल्या मराठी सीएसव्ही फाइलीत तिरप्या रेघेचा ‘ए’ आणि चलनाचे वर्तुळ यांची रांग दिसली, तर मजकूर शाबूत असून वाचताना वर्णसंच चुकला आहे, असे समजावे. व्यंजनांच्या जागी हे वर्तुळ येते. ईकार, उकार, एकार, ओकार आणि हलन्तचिन्ह यांच्या जागी येनचे चिन्ह येते.

‘विनमेल.डॅट’ नावाची फाइल आली, तर पाठवणाऱ्या बाजूने पत्र आउटलुकच्या ‘रिच टेक्स्ट’ स्वरूपात गेले असून खरी अटॅचमेंट त्या गाठोड्यात आहे. पत्राचे स्वरूप एचटीएमएल किंवा साधा मजकूर केले की प्रश्न मिटतो.

निदानाचा क्रम : प्रथम तीच फाइल हाताने त्याच पत्त्यावर पाठवावी, ती नीट पोचली तर दोष सॉफ्टवेअरकडे आहे. मग सॉफ्टवेअरमधून एक छोटी मजकुराची फाइल पाठवावी. ती पोचली तर आकार, प्रकार किंवा वाचनपद्धत यांपैकी एकात खोट आहे. पाठवलेल्या व पोचलेल्या फाइलींचे बाइट मोजून पाहावेत : संख्या घटली असेल तर वाचनपद्धत, शून्य असेल तर वेळ किंवा पत्ता, सारखी असेल तर नाव वा प्रकार तपासावा. सॉफ्टवेअरच्या नोंदीत ‘पाठवले’ असे दिसते, त्याचा अर्थ पहिल्या सर्व्हरने २५० हा स्वीकाराचा संकेत दिला एवढाच. पुढच्या सर्व्हरचा नकार पाठवणाऱ्या पत्त्यावर परत येतो. तो पत्ता उत्तर न स्वीकारणारा ठेवलेला असला, तर तक्रार पाठवणाऱ्याच्या पेटीत न येता ग्राहकाच्या फोनवरून येते.