झुरळाचं मूळ गाव

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत, असं म्हटलं की अंगावर काटा येतो. पण त्यातल्या बहुतेक जाती रानात, पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. माणसाच्या घराशी संबंध ठेवून असलेल्या जाती जेमतेम तीस. आपली रोजची गाठ पडते ती तर मुख्यतः दोघांशी. मोरीतून किंवा गटाराच्या झाकणाखालून वर येणारं, दीड इंच लांबीचं, तांबूस तपकिरी, प्रसंगी अंगावर उडून घरभर आरडाओरडा माजवणारं थोरलं झुरळ. आणि ओट्याच्या फटीत, फ्रिजच्या मोटारीमागे, मिक्सरच्या बुडाशी राहणारं, अर्ध्या इंचाचं, फिकट, डोक्यामागे दोन काळपट उभ्या रेघा असलेलं धाकटं.

थोरल्याला शास्त्रात ‘अमेरिकन’ म्हणतात, धाकट्याला ‘जर्मन’. गंमत अशी की ही दोन्ही नावं दिशाभूल करणारी आहेत. स्वीडनचे कार्ल लिनिअस यांनी १७५८मध्ये पहिल्याचं आणि १७६७मध्ये दुसऱ्याचं नामकरण केलं. ज्या मुलखातून नमुना हाती आला त्या मुलखाचं नाव चिकटलं. थोरलं झुरळ मूळचं आफ्रिकेचं. जहाजांच्या तळघरांत बसून ते अमेरिकेला गेलं. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना त्याची आतडीसुद्धा पाठ असतील, कारण पुस्तकात तपशिलानं शिकवलं जातं ते हेच झुरळ.

धाकट्याची कथा मात्र जास्त गुंतागुंतीची. युरोपात अठराव्या शतकात ते दिसू लागलं, तेव्हा जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागला. रशियन लोक त्याला आजही ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियन म्हणतात. उलट जर्मनीत काही भागांत त्याचं नाव ‘रशियन’! नको असलेला पाहुणा नेहमी दुसऱ्याच्या गावाहून आलेला असतो, हे आपल्या चाळींतूनही दिसतं. खरा पेच निराळाच होता. या झुरळाची रानटी वस्ती जगात कुठेच सापडत नव्हती. जिथे माणूस तिथे ते. माणूस नाही तिथे तेही नाही. मग ते आलं कुठून?

याचं उत्तर २०२४मध्ये मिळालं. सतरा देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या जनुकांची तुलना करून संशोधकांनी त्यांची वंशावळ लावली. निष्कर्ष असा निघाला की सुमारे २१०० वर्षांपूर्वी, भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, शेतात-पाचोळ्यात राहणाऱ्या ‘एशियन’ झुरळापासून हे घरगुती झुरळ वेगळं झालं. म्हणजे सातवाहनांच्या काळाच्या आसपास. दोघं आजही इतकी सारखी दिसतात की तज्ज्ञांनासुद्धा नीट पाहावं लागतं. वागणुकीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. रानातलं चांगलं उडतं आणि दिव्याकडे झेपावतं. घरातल्याला पंख आहेत, पण उडता येत नाही म्हटलं तरी चालेल. आणि दिवा लागताच ते पळतं. ज्याला माणसाच्या स्वयंपाकघरात राहायचं, त्याला उजेडाचं प्रेम परवडत नाही.

पुढचा प्रवास म्हणजे जगाच्या व्यापाराचा इतिहासच. सुमारे १२०० वर्षांपूर्वी, इस्लामी राजवटींच्या व्यापार-लष्करी हालचालींच्या काळात ते पश्चिम आशियात गेलं. सुमारे ३९० वर्षांपूर्वी, डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांच्या दिवसांत, पूर्वेला इंडोनेशियाकडे. युरोपात ते पोचलं सुमारे २७० वर्षांपूर्वी. लिनिअसच्या नामकरणाशी हा काळ चांगला जुळतो. तिथून उरलेलं जग त्यानं जेमतेम एकशेवीस वर्षांत व्यापलं. वाहतूक वेगवान झाली होती, आणि थंड देशांत घरं उबदार व नळाच्या पाण्याची होऊ लागली होती. ऊब, ओल आणि खरकटं मिळालं की या झुरळाला देश कोणता हे विचारावं लागत नाही.

एवढा प्रवास त्याला जमला, त्यामागे मादीची एक सवय आहे. थोरल्या झुरळाची मादी अंड्यांची कुपी आडोशाला चिकटवून निघून जाते. धाकटी मात्र तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत पोटाच्या टोकाशी धरून हिंडते. अशी एक मादी धान्याच्या पोत्यातून उतरली की नव्या बंदरावर वसाहत सुरू. आजही रद्दीच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून ती याच पद्धतीनं घर बदलते.

आता कुणी म्हणेल, इतिहास ठीक, पण एवढं त्याचं कौतुक कशाला? कौतुक नाही. झुरळाची विष्ठा, टाकलेली कात आणि मेलेल्या अंगाचा चुरा धुळीत मिसळतो आणि दमा असलेल्यांच्या छातीत जातो. अमेरिकी शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या दम्याच्या मुलांचा अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळाची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचा अंश जास्त होता, त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ इतर मुलांपेक्षा सुमारे तिप्पट वेळा आली. त्या खोल्यांतल्या भेगा बुजवणं भाडेकरूच्या हातात थोडंच असतं!

आणि औषधांचं म्हणाल, तर या प्राण्यानं तिथेही आपल्याला दमवलं आहे. एकच फवारा वर्षानुवर्षं मारला की त्याला दाद न देणारी झुरळं तेवढी उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून पुढे गोड आमिषात विष घालण्याची युक्ती निघाली. थोड्याच वर्षांत त्या आमिषाला तोंड न लावणारी झुरळं दिसू लागली. १९९३मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की ती विष नव्हे, आमिषातलं ग्लुकोज टाळतात. त्याचं कारण २०१३मध्ये उलगडलं. या झुरळांच्या तोंडाजवळच्या केसांतल्या ज्या पेशी कडू चव ओळखतात, त्या ग्लुकोजनंही जाग्या होतात. त्यांना साखर कडू लागते. आमिष तयार करणाऱ्यांना मग दुसरी गोडी शोधावी लागली.