गाळ्याचा परवाना आणि संगणकाचा परवाना

पुण्यात गुलटेकडीला असलेल्या मार्केट यार्डात गाळा असणे ही एक गोष्ट आणि त्या गाळ्यात आडत चालवण्याचा अधिकार असणे ही दुसरी. हा अधिकार परवान्याने मिळतो, आणि त्या परवान्यात तो कोणाला दिला, कोणत्या कामासाठी दिला आणि किती मुदतीसाठी दिला, या तीन गोष्टी ठरलेल्या असतात. गेल्या काही दशकांत याच गाळ्यांत, दिवाणजीच्या बैठकीशेजारी, हिशेबाच्या संगणकप्रणालीचा परवाना येऊन बसला आणि त्यानेही हेच तीन प्रश्न विचारले. मात्र परवाना देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर दोन्ही ठिकाणी सारखे नव्हते, आणि मर्यादा पाळून घेण्याच्या रीती त्या अंतराप्रमाणे बदलत गेल्या.

बाजारावर नियमन आणण्याची सुरुवात महाराष्ट्रात कापसाच्या निमित्ताने वऱ्हाडात झाली. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला; पुढे मुंबई इलाख्यासाठी १९३९ चा आणि राज्यनिर्मितीनंतर १९६३ चा कृषि उत्पन्न पणन कायदा झाला. या शेवटच्या कायद्याने बाजारक्षेत्रात नियंत्रित शेतमालाचा व्यवहार परवान्याशिवाय करण्यास मनाई केली, व्यापारी, आडत्या, दलाल, तोलणार, मापाडी अशा प्रत्येकाच्या कामाला वेगळी ओळख दिली, आणि अटी मोडणाऱ्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार बाजार समितीला दिला. नाना पेठ आणि भवानी पेठ येथील भुसाराचा घाऊक व्यापार व मंडईतील भाजीपाल्याचा घाऊक व्यवहार यार्डात हलवण्यामागे रस्त्यांवरील गर्दी हे कारण होतेच. पण पेठेतल्या गल्लीबोळांत विखुरलेली उलाढाल मोजणे जितके अवघड, तितके ते कुंपण आणि फाटक असलेल्या आवारात सोपे होते. आवक फाटकातून आत येते, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब, गाळ्यात लिहिली जाते, आणि बाजार फी, ज्याला व्यापारी सेस म्हणतात, त्या नोंदींवरून आकारली जाते. समिती त्याच आवारात असल्याने परवान्याची मर्यादा माणसाच्या नजरेने राखता येत होती.

तराजूची गोष्ट थोडी निराळी आहे. वजनमापांची तपासणी करणारा वैधमापन निरीक्षक काट्याजवळ रोज बसत नाही; तो ठराविक मुदतीने येतो, काटा तपासतो, त्यावर मुद्रांक उमटवतो आणि सील लावून निघून जातो. यापुढची राखण ते सील करते, कारण ते तुटलेले दिसले की काट्यात हात घातला गेला हे कोणालाही कळते.

हिशेबाच्या साधनावर मात्र असे कोणतेही बंधन पूर्वी नव्हते. लक्ष्मीपूजनाला पुजलेल्या वहीत कीर्द, म्हणजे रोजची नोंद, आणि खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, किती जणांनी लिहावी हे वही विकणाऱ्याने कधी विचारले नाही. पैसे मोजले की त्याचा वहीवरचा हक्क संपत असे. संगणकप्रणाली अशी विकली जात नाही. गिऱ्हाइकाला मिळते ती केवळ वापरण्याची परवानगी. आयबीएम कंपनीने १९६९ मध्ये यंत्र आणि प्रणाली यांच्या किमती वेगळ्या करण्याचे जाहीर केल्यावर प्रणाली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू म्हणून पुढे आली. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

कायदा झाला तरी तो पाळला जातो की नाही हे पाहायला गाळ्यात कोणी येणार नव्हते. १९८६ मध्ये बंगळूरमध्ये गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीची टॅली ही प्रणाली देशभरातील व्यापाऱ्यांच्या हिशेबात रुळली. पण ती चालते व्यापाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर, त्याच्याच जागेत, आणि तयार करणारा असतो शेकडो किलोमीटर दूर. अशा मांडणीत मर्यादा वस्तूच्या आतच बसवावी लागते. त्या काळच्या अनेक महागड्या प्रणालींसोबत डोंगल नावाचा छोटा ठोकळा येत असे. तो संगणकाला जोडलेला नसेल तर प्रणाली चालत नसे. पुढे इंटरनेटवरून परवाना चालू करण्याची पद्धत आली. टॅलीचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यापुरता आणि गोल्ड परवाना एकाच जागेतील जोडलेल्या अनेक संगणकांपुरता असतो. यंत्र बदलायचे झाल्यास जुन्या यंत्रावरील परवाना आधी परत करावा लागतो, त्याला व्यवहारात ‘सरेंडर’ म्हणतात. परवाना नसेल तर प्रणाली शिकण्यापुरती उघडते, पण नोंद महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेलाच घेते. ज्या बाजारात आवक रोजची आणि पट्टीही रोजची, तेथे तीन तारखांचा हिशेब निरुपयोगी ठरतो. मर्यादा कोठे घातली म्हणजे ती जाणवेल, हे व्यापाऱ्याचा दिनक्रम ओळखून ठरवल्यासारखे दिसते.

फाटकावरचा माणूस, काट्यावरचे सील आणि प्रणालीच्या आतले कुलूप या क्रमाने पाहिले तर परवाना देणारा जितका दूर गेला, तितकी राखण वस्तूच्या आत शिरली. तरीही एक फरक उरतो. आडतीच्या परवान्याची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही तर आडतीचा अधिकारच संपतो. टॅलीच्या कायमच्या परवान्यात वार्षिक सेवेचे पैसे थकले तर सुधारित आवृत्त्या बंद होतात, पण हाती असलेली आवृत्ती चालत राहते. कागदाची वही जशी विकत घेणाऱ्याची होऊन जाई, तशी तिची जागा घेणारी प्रणाली होत नाही; पण पैसे मोजून घेतलेली हिशेबाची वस्तू आपल्या गाळ्यात आपलीच राहावी, ही वहीच्या काळातली व्यापाऱ्याची अपेक्षा या एका तरतुदीपुरती त्या परवान्यात टिकून आहे.